शून्याचं पाणी

मित्रांनो, मी जुना आहे, हे आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तोंडावर म्हणायला नको. मी एक रिफ्रॅक्टोमीटर आहे. शास्त्राच्या पुस्तकात माझं नाव अपवर्तनांकमापक असं दिलंय, पण ते पूर्ण उच्चारेपर्यंत कढईतला जॅम करपतो. म्हणून आमच्या कारखान्यात मला सगळे 'दुर्बीण' म्हणतात. माझ्यातून दूरचं काहीच दिसत नाही. चंद्र नाही, जहाज नाही, समोरच्या गच्चीवर काय चाललंय तेसुद्धा नाही. दिसते फक्त एक रेघ.

वीतभर लांबीची धातूची नळी, एका टोकाला तिरकी काच आणि तिच्यावर झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं भिंग. एवढाच माझा संसार. काचेवर जॅमचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे तोंड करून आत बघायचं. वर निळं दिसतं, खाली पांढरं दिसतं, आणि दोन्हींच्या मधली रेघ ज्या आकड्यावर असेल तेवढी त्या जॅममध्ये साखर. हे घडतं कारण साखर प्रकाशाला वाकवते. जास्त साखर, जास्त वाक. साखर चमचेही वाकवते आणि सरळ माणसांनाही वाकवते, हे मला पुढे कळलं. त्याचीच ही गोष्ट आहे. तिच्यात मला भंगाराच्या डब्यात टाकण्यात आलं होतं, हे आताच सांगून ठेवतो. पुढे हसताना तेवढं भान असू द्या.

माझा जन्म भिंगं घासण्याच्या एका खोलीत झाला. घासणाऱ्या बाई अतिशय शांत होत्या. त्यांनी माझी काच इतके दिवस घासली की मला वाटलं, त्या मला घासून संपवणार. मग त्यांनी माझ्यावर शुद्ध पाण्याचा थेंब ठेवला, आत बघितलं, एक बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवला आणि म्हणाल्या, "झालं. आता तुला शून्य माहीत आहे. बाकीचं तू बघून घे."

मित्रांनो, मोजणाऱ्याला हे एकच शिक्षण असतं. शून्य कुठे आहे ते माहीत असलं की बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, आणि चुकलेल्याला ते कळतही नाही.

तिथून मी आत्याकडे आलो. आत्या म्हणजे जॅमच्या कारखान्याची मालकीण. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन मोठ्या कढया, एक ओटा, बरण्यांची मांडणी आणि छताला चिकटलेला गोड वास, जो पुसून निघत नाही. कढईपाशी लाकडी वल्ह्याएवढं ढवळणं घेऊन एक दांडगा माणूस उभा असतो. त्याला कढईदादा म्हणतात. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आत्याचे यजमान बरण्यांना लेबलं चिकटवत बसतात. आत्याच्या भावाची मुलगी तिथेच काम करते. आत्याची ती भाची, म्हणून यजमान तिचे आतोबा. तिच्यामुळे कारखान्यात सगळेच त्यांना आतोबा म्हणतात, कुरियरवालासुद्धा.

आत्याचा नियम एक होता. अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट. चौसष्टवर आच बंद केली तर महिन्याभरात बरणीत फेस येतो आणि झाकण स्वतःहून उडतं. बहात्तरवर केली तर जॅममध्ये साखरेचे खडे होतात आणि तो चमच्याऐवजी छिन्नीने खावा लागतो. मी रेघ दाखवायचो, आत्या "अडुसष्ट!" असं ओरडायची, कढईदादा आच बंद करायचा. पाहुणे आले की आत्या मला त्यांच्यासमोर धरून म्हणायची, "हिच्या जिवावर चाललंय सगळं." मी 'तो' असूनही ती मला 'ती' म्हणायची. कौतुक चालू असताना मी कधी वाद घालत नाही.

मी माणसं डोळ्यांवरून ओळखतो. माझ्याजवळ तेवढंच येतं. आत्याचा डोळा मी वर्षानुवर्षं इंचभर अंतरावरून बघत आलो, म्हणून इतरांच्या आधी मला कळलं. त्यावर दुधासारखी साय धरत होती. आधी तिला आकडे अंधुक झाले, मग रेघ. तिने कुणाला सांगितलं नाही. ती आत बघायची, थोडं थांबायची आणि वासावरून अंदाज करून म्हणायची, "अडुसष्ट." एकदा तर तिने मला उलटं धरलं. काचेच्या बाजूला डोळा लावला आणि ठामपणे म्हणाली, "अडुसष्ट."

त्या दिवशी खरंच अडुसष्ट होतं. पण तिच्या भुवईला जॅम लागला, आणि भाचीने तो पाहिला.

दुसऱ्याच आठवड्यात कारखान्यात डबी आली.

डबी म्हणजे डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर. साबणाच्या वडीएवढी, पांढरी, वर एक छोटी वाटी आणि आकड्यांची खिडकी. वाटीत थेंब टाका, बटण दाबा, बीप वाजतो आणि आकडा येतो. डोळा लावायला नको, उजेड नको. थेंब कोमट असला तर तिचं ती समजून घेते. काळ्या द्राक्षांच्या जॅममध्ये माझी रेघ धुक्यात हरवते, तिची हरवत नाही. हे सगळं खरं आहे. मी जुना असलो तरी कुजका नाही.

"आत्या, हिच्यात दशांशसुद्धा दिसतात," भाची म्हणाली.

"दशांश घेऊन काय करू? लेबलावर छापू?"

"तुला वाचायला सोपं जाईल गं."

"मला वाचता येतं."

"मग भुवईला काय लागलंय, ते वाच आरशात."

आत्याने पदराने भुवई पुसली. तिने मला मखमली पेटीत ठेवलं, पेटी खणात ठेवली आणि खण बंद केला. माझा स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस तिने चष्म्याच्या घरात टाकला, कारण चष्म्याची दांडी सारखी सैल व्हायची. म्हणजे माझं हत्यार आता चष्म्याच्या दुरुस्तीला लागलं.

खणात असताना बाहेरचं फक्त ऐकू येतं. मी ऐकत राहिलो. रोज सकाळी भाची डबीला शून्य शिकवायची. त्यासाठी ओट्यावर अर्ध्या लिटरची एक बाटली होती, शुद्ध केलेल्या पाण्याची. तिच्यावर आतोबांनी स्वतःच्या हाताने लेबल चिकटवलं होतं: 'शून्याचं पाणी. पिऊ नये.' त्यातला थेंब वाटीत टाकायचा, बटण दाबून धरायचं. डबी म्हणायची 'बीप', म्हणजे 'बरं, हे शून्य'. महागातली डबी असती तर तिने नमुना आधी नीट तपासला असता. ही साधी होती, आज्ञाधारक. जे दाखवाल त्याला शून्य म्हणायची आणि दिवसभर त्यावर मन लावून काम करायची.

त्याच सुमारास आतोबांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. विचार करा मित्रांनो, माणूस जॅमच्या कारखान्यात बसतो, भिंतीला साखरेची पोती लागलेली आहेत, आणि त्याला सांगितलं जातं की बघायचं, पण खायचं नाही. आत्याने पहारा बसवला. चहाच्या कपांचा वास घेतला जाऊ लागला. खिशातून श्रीखंडाची गोळी निघाली की खटला चालायचा.

पण आतोबा सुधारले. म्हणजे तसं सगळ्यांना वाटलं. लेबलांपलीकडे कशात लक्ष न घालणारा माणूस कामात रस घेऊ लागला. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे आणि शून्याचं पाणी ताजं भरून ठेवायचे. "शिळं पाणी नको," म्हणायचे. "मोजमापाचं काम आहे." आत्याने ते शेजारणीला अभिमानाने सांगितलेलं मी खणातून ऐकलं. दिवसभरात बाटली रिकामी कशी होते, हे मात्र कुणी विचारलं नाही. थेंबभर पाण्याचं काम, आणि अर्धा लिटर रोज संपत होतं.

मग बरण्या परत यायला लागल्या.

आमचा जवळजवळ सगळा माल एका मोठ्या हॉटेलात जायचा. तिथून निरोप आला, जॅम घट्ट आहे. भाचीने डबीचे आकडे तपासले. अडुसष्ट. पुन्हा निरोप आला, जॅममध्ये खडे आहेत. डबी म्हणाली अडुसष्ट. भाचीने फळांना दोष दिला, मग साखरेला, मग कढईदादाच्या हाताला.

"मी ढवळतो," कढईदादा म्हणाला. "तू म्हणतेस थांब, मी थांबतो. तू म्हणतेस चालू ठेव, मी चालू ठेवतो. विचारही मीच करायचा असेल तर त्याचा पगार वेगळा."

आणि एके दिवशी हॉटेलच्या खरेदीबाई स्वतः आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पुरावा ठेवतात तशी. पिशवीत एक चमचा होता. वाकलेला.

"पाहुण्याने बरणीत घातला," त्या म्हणाल्या. "जॅम बाहेर आला नाही. चमचा असा बाहेर आला."

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली.

"आज मी इथे उभी राहून बघणार. आजची कढई नीट निघाली तर पुढच्या वर्षाचं कामही तुमचंच. नाहीतर हा चमचा तुम्हाला ठेवून जाते. आठवण म्हणून."

ते काम गेलं तर दोन्ही कढया विकाव्या लागणार, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कढयांनाही असावं, कारण त्या दिवशी त्या फार सांभाळून उकळत होत्या.

संत्र्याचा जॅम होता. फेस वर येऊन खाली बसला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले, त्यांचा आवाज बदलला. आधी ते पचपच करतात, मग जाड होऊन पुटूक पुटूक करतात. कढईदादाचा खांदा ढवळण्यावर वाकला.

"जड व्हायला लागलंय," तो म्हणाला.

भाचीने चमचाभर जॅम बशीवर पसरून गार केला, थेंब वाटीत टाकला, बटण दाबलं. बीप.

"चौसष्ट पॉइंट एक. अजून वेळ आहे."

"थांब," आत्या म्हणाली. "दुर्बीण काढ."

"आत्या..."

"काढ म्हणते ना."

खण उघडला. उजेड आला. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी उजेड बघून मी आनंदून जायला हवं होतं, पण खोलीत सगळ्यांचे चेहरे असे होते की मला परत खणात जावंसं वाटलं. भाचीने त्याच बशीतला थेंब माझ्या काचेवर ठेवला, झाकण लावलं, खिडकीकडे तोंड करून आत पाहिलं. तिचा काजळ घातलेला डोळा मला नवा होता. तरुण, स्वच्छ आणि घाबरलेला.

मी रेघ दाखवली.

"अडुसष्ट," ती म्हणाली. आणि लगेच, "हे कसं शक्य आहे?"

खरेदीबाई पुढे आल्या. "म्हणजे? एकाच जॅममध्ये एक यंत्र चौसष्ट म्हणतं, दुसरं अडुसष्ट? तुम्ही मोजता की निवडता?"

इथे तुम्ही विचाराल, आच बंद करून निवांत भांडायचं ना! तसं होत नाही. कढईत जॅम एकदा बसला की पुन्हा उकळून त्याचा जॅम होत नाही, डिंक होतो. आत्याने आच मंद केली. पण मंद आचेवरही पाणी उडतच असतं, आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर साखरेचा आकडा वर सरकत असतो. डबी खरी असेल तर अजून बराच वेळ ढवळायला हवं. मी खरा असेन तर आत्ताच थांबायला हवं. दोघांपैकी एक चूक होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी जुना होतो.

"सोपं आहे," भाची म्हणाली. "शून्य तपासू."

तिने माझी काच पुसली. शून्याच्या पाण्याची बाटली उघडली. एक थेंब डबीच्या वाटीत. बीप. शून्य. एक थेंब माझ्या काचेवर. झाकण. डोळा.

मी खूप प्रयत्न केला, मित्रांनो. मला शून्य दाखवायचं होतं. त्या शांत बाईंनी शिकवलेलं शून्य मला पाठ होतं. पण रेघ काही केल्या खाली येईना. ती चारवर जाऊन उभी राहिली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपण म्हातारे झालो. मोजणाऱ्याला स्वतःचं शून्य तपासता येत नाही. डोळ्याला स्वतःचा डोळा दिसत नाही, तसंच.

"चार!" भाची ओरडली. तिच्या आवाजात सुटका होती. "साध्या पाण्यात चार दाखवते! खणात पडून बिघडली. म्हणजे अडुसष्टातून चार वजा करा. चौसष्ट! बघ आत्या, डबी बरोबर होती. आच वाढवा दादा."

हिशेब इतका चोख होता की मलाही पटला.

"दे इकडे," आत्या म्हणाली. तिने मला डोळ्याला लावलं. ती साय आता पूर्ण होती. तिला निळं-पांढरं काही दिसलं नसणार, नुसता उजेड. पण खरेदीबाई समोर उभ्या होत्या. ती मला तसंच धरून राहिली. 

"काय दिसतंय?" खरेदीबाईंनी विचारलं.

भाची कढईकडे बघू लागली. भुवईवरच्या जॅमची गोष्ट ती चारचौघांत काढणारी नव्हती.

"कारखान्यात डोळे काय माझेच आहेत?" आत्या म्हणाली. "अहो! तुम्ही बघा. लेबलावरची बारीक अक्षरं वाचता ना, मग हे वाचा."

आतोबा कोपऱ्यात होते. इतका वेळ एका बरणीला लेबल लावत होते. एकाच बरणीला. ते उठले. मला हातात घेतलं. मी इतकी वर्षं त्या घरात होतो, पण हा डोळा माझ्याजवळ कधी आला नव्हता. तपकिरी, पापणीला डिंकाचा एक कण. तो डोळा रेघेवर आला, चारच्या आकड्यावर आला, आणि मोठा झाला.

मोठा झाला आणि तसाच राहिला. मिटेचना.

आणि मला कळलं, मित्रांनो. सगळं एकदम कळलं. ताजं पाणी, रिकामी बाटली, 'पिऊ नये'. माझी रेघ चारवर का आहे हे त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, ज्याला बोलता येत नाही. आणि एक ते, ज्यांना बोलता येत नव्हतं.

"आतोबा, चारच आहे ना?" भाची म्हणाली.

"हं."

"मग बिघडलीच आहे. द्या." तिने मला घेतलं आणि ओट्याखालच्या भंगाराच्या डब्यात टाकलं. मी एका फुटक्या झाकणावर आणि गंजलेल्या गाळणीवर जाऊन पडलो. ती गाळणीसुद्धा माझ्यापासून थोडी सरकली, असं मला वाटलं. वर बर्नरचा आवाज मोठा झाला.

पुटूक. पुटूक. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुटूक.

"आत्या," कढईदादा म्हणाला, "मी बोलत नाही, पण हे ढवळणं आता कढईच धरून बसतेय."

"किती?" आत्याने विचारलं.

बीप. "पासष्ट," भाची म्हणाली. "अजून तीन."

डब्यातून मला आतोबांचे पाय दिसत होते. ते टेबलाकडे निघाले, थांबले, कढईकडे वळले, थांबले. उजव्या चपलेला लेबल चिकटलं होतं: 'संत्रा. शुद्ध.' खरं सांगितलं तर काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना कळणार, आत्याला कळणार, शेजारणीला कळणार. चोरून साखर खाणारा नवरा म्हणून त्यांचं नाव व्हायला संध्याकाळही लागणार नव्हती. आणि नाही सांगितलं तर आणखी एक चमचा वाकणार होता आणि कढया जाणार होत्या. पण का, ते कुणाला कधीच कळलं नसतं. मी डब्यातच राहिलो असतो.

"सहासष्ट," भाची म्हणाली.

"आच बंद करा," आतोबा म्हणाले.

"काय?"

"बंद करा हो! दादा, बंद कर!"

"कोणाच्या सांगण्यावरून?" कढईदादाने विचारलं. "इथे आधीच दोन यंत्रं आणि दोन मालकिणी आहेत."

"दुर्बीण बरोबर आहे. पाणी चूक आहे." आतोबांनी बाटलीकडे बोट दाखवलं. "पाणी गोड आहे."

"पाणी कसं गोड असेल?" भाची म्हणाली. "शुद्ध पाणी आहे ते. त्यावर लेबल..."

"लेबल मीच लावलंय."

आणि त्यांनी बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर घटाघट प्यायले. शेवटी उरलेला घोट झाकणात ओतून त्यांनी खरेदीबाईंपुढे धरला. खरेदीबाईंनी तो चाखला. खोलीत पुटूकसुद्धा थांबलं.

"सरबत आहे," त्या म्हणाल्या. "लिंबू कमी आहे."

आत्याने आच बंद केली. स्वतः, हात लांब करून. मग भाचीने मला डब्यातून काढलं. फडकं ओलं करून माझी काच पुसली, एकदा नाही, दोनदा. कढईतला थेंब गार करून ठेवला.

"एकोणसत्तर... सत्तरला जेमतेम कमी," ती म्हणाली. "वाचला. डबीच्या अडुसष्टला थांबलो असतो तर बहात्तर झाले असते. रोज तेच होत होतं. मीच तिला रोज साखरेच्या पाण्यावर शून्य शिकवत होते."

आत्या नवऱ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "किती?"

"काय किती?"

"बाटलीत. किती चमचे?"

"चार," आतोबा म्हणाले. "पण दिवसभर पुरवतो गं."

"चार चमचे," कढईदादा म्हणाला, "आणि चार रेघा. दुर्बिणीने तुमची चोरी मोजून दाखवली, आतोबा."

कुणी हसलं नाही, कारण जॅम अजून बसायचा होता. बरणी भरली. गार होईपर्यंत सगळे तिच्याभोवती उभे राहिले, आजारी माणसाभोवती राहतात तसे. खरेदीबाईंनी पिशवी उघडली आणि तोच चमचा जॅममध्ये घातला. वर काढला. जॅम आला. चमच्यावर थरथरला आणि कडेवरून हळूच ओघळला.

"चमचा वाकला नाही," भाची म्हणाली.

"आधीच वाकलेला आहे," खरेदीबाई म्हणाल्या. "त्यामुळे नीट सांगता येत नाही." त्यांनी चमचा चाटला. पुन्हा एकदा घातला. "पण जॅम ठीक आहे. पुढच्या वर्षाचं बोलू." जाताना आतोबांपाशी थांबल्या. "लिंबू टाकत जा," म्हणाल्या.

तर मित्रांनो, दुर्बीण बरी की डबी, हा वाद आमच्याकडे तिथेच संपला. आता ओट्यावर आम्ही शेजारी शेजारी असतो. शुद्ध पाण्याचा बंद कॅन रोज भाचीच उघडते, आणि आमच्याआधी स्वतः चाखते. मग एकच थेंब डबीला आणि एकच मला. आकडे जुळले तरच कढई चढते. काळ्या द्राक्षांच्या दिवशी माझी रेघ हरवली की डबी सांगते. डबीचा सेल संपला की मी सांगतो. तिला बीप करता येतं, मला गप्प राहता येतं. आमचं बरं चाललंय.

आत्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर ती कारखान्यात आली आणि तिने आधी मला डोळ्याला लावलं. "अगं," मग म्हणाली, "केवढी बारीक आहे ही रेघ!" त्या दिवसापासून माझ्यावर एक जास्तीचं काम आलं. आतोबांचा दुपारचा चहा ओट्यावर येतो. त्यातला गार केलेला थेंब माझ्या काचेवर ठेवला जातो, आणि आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचते. चहात साखर नसली तरी चहाची म्हणून रेघ जराशी वर दिसते. त्या जराशावरून पहिले काही दिवस रोज भांडण झालं.

परवा चहा आत्याने स्वतः केला. थेंब ठेवला, झाकण लावलं, आत बघितलं. सायीचं नाव नाही, लख्ख डोळा. मी रेघ दाखवली, चांगली ठळक. त्यात कमीत कमी अर्धा चमचा होता.

"शून्य," आत्या म्हणाली, आणि कप आतोबांपुढे सरकवला.

आतोबांनी घोट घेतला. तिच्याकडे पाहिलं. मग लेबलं लावायला लागले. या वेळी वेगवेगळ्या बरण्यांना.

मी खरं तेच दाखवलं होतं, मित्रांनो. माझ्यात बघून कुणी काय बोलायचं, ते माझ्या हातात नाही. माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. काम झालं की माझी काच ओल्या मऊ फडक्याने पुसा, नखाने खरवडू नका, आणि मला नळाखाली धरू नका. मी आंघोळ करत नाही. डबीचीही वाटी पुसा, ती सांगत नाही पण तिलाही लागतं. एखादं जुनं यंत्र वेडावाकडा आकडा दाखवू लागलं, तर त्याला डब्यात टाकण्याआधी पाण्याची चव घेऊन बघा.

आणि गोड लपवायचंच असेल, तर कृपा करून दुसरीकडे कुठेतरी लपवा.